लंगोटावरचा केशरी डाग
पहिला महिना सुती लंगोटच बरे, बाळाने किती वेळा शू केली ते लगेच कळतं, असं म्हणतात, ते मला अगदी पटतं. पण नुसती मोजू नका, रंगही बघा. माझी भाची दोन दिवसांची असताना लंगोटावर विटेच्या भुकटीसारखा केशरी-गुलाबी डाग उमटला. बहिणीला वाटलं रक्तच, ती रडायलाच लागली. सिस्टरनी वाळलेला डाग नखाने खरवडून दाखवला, तर पूड निघाली. ते युरेटचे, म्हणजे शूतल्या एका क्षाराचे स्फटिक असतात. सुरुवातीला चिकाचं दूध थोडंच मिळतं, शू दाट असते, म्हणून ते दिसतात. दूध नीट उतरलं की थांबतात. पाचव्या दिवसानंतरही डाग पडत राहिले किंवा दिवसरात्र मिळून सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, तर दूध पुरत नसण्याची शक्यता असते. तेव्हा वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मुलींना पहिल्या आठवड्यात शूच्या जागेपाशी पांढरट स्राव, क्वचित रक्ताचा थेंबही दिसतो. आईकडून आलेली संप्रेरकं कमी होताना असं होतं, आपोआप थांबतं. पुसताना मात्र पुढून मागेच पुसा. आणि हे घरातल्या आजी-मावशांनाही आधीच सांगून ठेवा, बाळंतिणीला उगाच घाबरवायला नको.