गोचीड ताप: कुत्रा वाचला, आता गोठ्याचं काय करू? बजेट १५००

पायथा_पन्हाळा
मंडळी सल्ला पाहिजे. आमच्या कुत्र्याला गेल्या महिन्यात ताप, हिरड्या पांढऱ्याफटक आणि लघवी कोऱ्या चहासारखी. रक्त तपासलं तर बेबेसिया निघाला, गोचिडातनं येणारा रक्तातला परजीवी. इंजेक्शनं झाली, आता भाकरी खातोय. पण गोठ्यात एक एचएफ गाय, एक जर्सी गाय आणि एक म्हैस, तिघींच्या कासेला आणि शेपटीच्या बुडाला गोचीड लटकलेत. काय वापरू? १५०० च्या वर सांगू नका, दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतंय. दुसरं म्हणजे वडील हातानंच गोचीड उपटतात आणि नखावर चिरडतात, किती सांगितलं तरी ऐकत नाहीत. त्यांची प्लीहा मागं अपघातानंतर काढलीय. माणसाला हा आजार होतोय का?

नाद_करायचा_न्हाय
भावा बजेट विसर. आमच्या लॅब्राडोरला मी तीन महिने चालणारी चघळायची गोळी देतोय, फ्लुरालानर असतंय त्यात. गोचीड चावला की तिथंच खलास. महाग हाय पण कुत्रं बघ कसं चकाकतंय, गल्लीत लोकं फोटो काढत्यात.

गोठा_नंबर_१
त्यानं गाईंचं विचारलंय, तुझ्या कुत्र्याचे फोटो कुणी मागितले? पायथा, तुझ्याकडं एचएफ आहे म्हणजे आधी थायलेरियाची काळजी कर, तो पण गोचिडातनंच येणारा परजीवी. म्हशीला सहसा एवढं काही होत नाही, देशी गाय पण बरीचशी तग धरते, संकरित गाय मात्र दोन-चार दिवसांत आडवी पडते. आमची वीस लिटरची गाय, १०६ ताप, खांद्याच्या पुढची गाठ हाताला लिंबाएवढी लागत होती, डोळ्याच्या आतली बाजू पांढरी. पहिल्यांदा जो आला त्यानं नुसतं तापाचं इंजेक्शन मारून पैसे घेतले. दुसऱ्या डॉक्टरनं कानाच्या शिरेतनं रक्त काढून तपासायची काच (स्लाईड) बनवली, थायलेरिया म्हणाला आणि बुपार्वाक्वोन दिलं. ते इंजेक्शनच तुझं बजेट खाऊन टाकेल हे आत्ताच सांगून ठेवतो. लस मिळते थायलेरियाची, ती बेबेसियाला चालत नाही.

शिरोळचा_ऊस
दोन्ही एकच की, गोचीड ताप.

गोठा_नंबर_१
एकच नाही मर्दा. बेबेसिया रक्ताच्या तांबड्या पेशीत घुसतो आणि ती फोडतो म्हणून लघवी लाल होते, त्याला डिमिनाझिन देतात. थायलेरिया आधी पांढऱ्या पेशीत वाढतो म्हणून गाठी सुजतात, मग तांबड्या पेशीत जातो, त्याला बुपार्वाक्वोन. औषध चुकलं की पैसे पण गेले आणि गाय पण.

आजरा_घनसाळ
गोचिडाला हलक्यात घेऊ नका, माकडताप ऐकलाय का? १९५७ ला शिमोग्याकडं क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला आणि आता पलीकडं दोडामार्गात पोचलाय. आमच्याकडं काजूच्या बागेत जाताना मी पँट मोज्यात खोचतो, लोकं हसतात, हसू देत.

स्लाईडवाली_ताई
माकडताप व्हायरसचा आहे दादा, इथं परजीवीचं चाललंय. पँट खोचायचा सल्ला मात्र दोन्हीला लागू.
पायथा, मी लॅबमध्ये आहे म्हणून वडिलांबद्दल सांगते. आपल्याकडच्या गुरांचा बेबेसिया माणसाला सहसा होत नाही, गाईंचा थायलेरिया (थायलेरिया अनुलाटा) तर नाहीच. पण बेबेसियाच्या दुसऱ्या जाती माणसाला होतात आणि प्लीहा नसलेल्याला फार जड जातात, कारण बिघडलेल्या पेशी गाळून काढायचं काम प्लीहाच करते. माणसातला पहिला नोंदलेला रुग्ण १९५७ चा, युगोस्लाव्हियातला, गुरं पाळणारा आणि प्लीहा काढलेला. भारतात नोंदी अगदी मोजक्या आहेत, म्हणून घाबरून जाऊ नका. फक्त उद्या वडिलांना ताप आला तर डॉक्टरांना आधी दोन गोष्टी सांगा, प्लीहा नाही आणि गोचिडात हात असतो. काचेवर बेबेसियाची अंगठी हुबेहूब मलेरियाच्या फाल्सिपेरम जातीसारखी दिसते. चार-चार एकत्र फुलीसारख्या दिसल्या तर ओळखायला सोपं, पण त्या प्रत्येक वेळी दिसत नाहीत. तसंही प्लीहा नसलेल्या माणसानं कुठलाच ताप घरी काढायचा नसतो, त्यांच्या लसींचं पण डॉक्टरांना विचारा.
आणि नखावर चिरडणं बंद. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा आणि साबणपाण्यात टाकायचा. रॉकेल नाही, काडी नाही.

आजरा_घनसाळ
दोन्ही १९५७ लाच? साल वाईटच दिसतंय.

कनेक्टिकट_कोल्हापूरकर
इकडे अमेरिकेत, आमच्या कनेक्टिकट भागात माणसांत बेबेसिया कॉमन आहे. हरणांवरचा गोचीड असतो, अगदी तिळाएवढा, आणि मूळ साठा उंदरांमध्ये. माझ्या शेजाऱ्याला झालेला, अटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिननं बरा झाला. इथं रक्तदान केलं की त्या रक्ताची बेबेसियासाठी तपासणी होते. सिस्टीम असावी तर अशी.

शिरोळचा_ऊस
साहेब, गोठ्याचं बोला की. तुमच्याकडं म्हशी हायत काय?

वेखंड_काकू
औषधांच्या नादी लागू नका. लसूण, कडुनिंबाचा पाला, वेखंड, हळद, तुळस आणि घाणेरीची पानं वाटून पाण्यात गाळायची आणि गुराच्या अंगावर फवारायची. घाणेरी गुरांच्या तोंडात जाऊ द्यायची नाही, विषारी असते. आमच्याकडं हेच चालतंय, खर्च शून्य.

गोठा_नंबर_१
काकू, अंगावर काहीही मारा, पण फुगलेली मादी खाली पडते ती भिंतीच्या फटीत जाऊन हजारांनी अंडी घालते. गोठ्यात औषध मारलं नाही तर पंधरा दिवसांत परत जैसे थे. मी डेल्टामेथ्रिन फवारतो, गव्हाण झाकून.

मधला_वाडा
आयव्हरमेक्टिन मार, एका सुईत काम.

स्लाईडवाली_ताई
दुभत्या जनावराला? ते दुधात उतरतं. विचारल्याशिवाय मारू नका.

मधला_वाडा
सगळे मारतात.

नाद_करायचा_न्हाय
म्हणून म्हणतो गोळी.

शिरोळचा_ऊस
गाईला पण कुत्र्याची गोळी देतोस काय रे 😂

वेखंड_काकू
आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिनचं कुत्र्याचं औषध लांब ठेवा. दुकानदारानं आमच्या शेजारणीला तेच मांजरासाठी दिलं, बिचारं रात्रभर थरथरत होतं.

पायथा_पन्हाळा
सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो. डॉक्टर येऊन दोन्ही गाईंच्या रक्ताच्या काचा घेऊन गेले. थायलेरिया नाही, जर्सीत थोडा बेबेसिया होता, तिला इंजेक्शन झालं. ते पैसे आईनं दिले. माझ्या १५०० चं मी सिमेंट आणि वाळू आणली. गोठ्याची जुनी दगडी भिंत, फटीत बॅटरी मारली तर आत गोचीड नुसते खच्चून भरलेले, वरपासून खालपर्यंत. मामा गवंडी आहे, दोघांनी मिळून वाफेच्या बंबातलं उकळतं पाणी फटीत ओतलं, भिंत सुकू दिली आणि मग पूर्ण गिलावा केला. उरलेल्या पैशात चार गावठी कोंबड्या सोडल्यात, गाय बसली की त्या कासेखालचे गोचीड टिपून खातात. फवारा नाही, पाला नाही.
वडील चिमटा वापरायला तयार नाहीत, म्हणून गोचीड काढायचं काम आता माझ्याकडं. त्यांच्या केसपेपरवर प्लीहा काढल्याचं डॉक्टरांकडनं लाल पेनानं लिहून घेतलंय.

गोठा_नंबर_१
गिलाव्याला परत तडा गेला की तिथंच येतील. फवारा मारायलाच पाहिजे होता.

वेखंड_काकू
कोंबड्या गव्हाणीत घाण करतात.

नाद_करायचा_न्हाय
आणि कुत्र्याला काय दिलंस?

पायथा_पन्हाळा
गळ्यात गोचिडाचा पट्टा बांधलाय.

नाद_करायचा_न्हाय
पट्टा बोगस असतोय. गोळी म्हटलं होतं मी.