मुंबईची रात्र उघडी ठेवायची, तर कुणासाठी?

(वाचकांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

तिसरी पाळी

गेल्या शनिवारी दादरच्या शिवाजी मंदिरातून नाटक बघून बाहेर पडलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. बहीण, मेहुणे आणि दोन भाचरं अंबरनाथहून मुद्दाम आली होती. पोरांना भूक लागलेली. स्टेशनाच्या वाटेवर बसून खाता येईल असं एकच हॉटेल दिसलं, तिथेही खुर्च्या टेबलांवर चढवणं चालू होतं. शेवटी बिस्किटांचे पुडे घेऊन मंडळी गाडीत बसली.

कायदा आडवा येतो म्हणावं, तर तसंही नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायची वाट मोकळी केली. जानेवारी २०२० मध्ये आदित्य ठाकरे यांच्या पुढाकाराने 'मुंबई २४ तास'चा निर्णय झाला, २७ तारखेपासून तो लागू झाला आणि दोन महिन्यांत टाळेबंदी आली. दारूच्या परवान्याची रात्री दीडपर्यंतची वेळ तेव्हाही बदलली नव्हती. तरी नाइटलाइफ शब्द उच्चारला की लोकांना पबच दिसतो आणि भांडण तिथेच अडकतं.

माझं म्हणणं असं, की रात्र उघडावी, पण सुरुवात नाट्यगृहं, सिनेमा, खाणंपिणं आणि लोकलपासून करावी. दारूचं मागाहून बघू. वडील परळच्या गिरणीत रात्रपाळीला जायचे. भोंगा झाला की अर्धी चाळ उतरायची आणि अर्धी चढायची. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागायचे, भजनी मंडळं मध्यरात्रीपर्यंत टाळ कुटायची. अवेळी सुटणाऱ्या माणसालाही त्या वस्तीत चार घटका करमणूक होती. आज अवेळी काम करणारे लोक कमी झालेत का? मग त्यांच्यासाठी रात्री काय उघडं आहे?

चौथा मजला

मुलं उपाशी गेली याचं वाईट वाटलं. पण मी लोअर परळला गिरणीच्या आवाराला लागून राहतो, आणि तुमच्या 'रात्र उघडावी'चा अर्थ आमच्या घरात वेगळा लागतो.

गाणं ऐकू येतं, ही माझी तक्रारच नाही. गाणं कळतसुद्धा नाही. त्याचा खालचा ठोका तेवढा भिंतीतून येतो, खिडक्या लावल्या तरी येतो. आई ब्याऐंशी वर्षांची आहे, ती उशीखाली डोकं घालून झोपायचा प्रयत्न करते. पोलिसांना फोन केला की गाडी येते, आवाज उतरतो, गाडी वळली की परत चढतो. नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे, सूट आहे ती बंदिस्त सभागृहातल्या आतल्या वापराला. गच्चीवर ताडपत्री ताणली की ती बंदिस्त जागा होते का, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि २०२० च्या निर्णयात रात्रभर उघडं ठेवायला ज्याला 'बिगरनिवासी भाग' म्हटलं, तो मुंबईत नकाशातच सापडतो. गिरणीच्या जागेत ऑफिसं आली, पब आले, टॉवर आले, आणि कुंपणाच्या या बाजूला त्याच गिरणीच्या चाळी अजून उभ्या आहेत. माणसं झोपतात ती जागा निवासी. मला याहून वेगळी व्याख्या नको.

टेबल नंबर सात

अंधेरीत बारमध्ये स्टुअर्ड आहे. या धंद्यात आलो २००३ साली, तेव्हा पोऱ्या होतो.

लोकलबद्दल तिसरी पाळी यांनी लिहिलं ते शंभर टक्के खरं. दीडला शटर अर्धं खाली येतं. मग गल्ल्याचा हिशेब, टेबलं पुसणं, किचन धुणं. अडीच वाजतात. शेवटची गाडी एकच्या सुमाराला गेलेली असते, पहिली चारनंतर. राहायला नालासोपारा. रिक्षाने गेलो तर त्या रात्रीची टीप रिक्षालाच द्यावी लागते. म्हणून दोन टेबलं जोडतो आणि पाठ टेकतो. आमच्यातले बहुतेक असेच झोपतात.

पण दारू बाजूला ठेवून रात्र चालेल, हे पटत नाही. अकरानंतर आमच्याकडे जेवणाची ऑर्डर क्वचित येते, गल्ला पेयांवर भरतो. नुसत्या पावभाजीवर पहाटेपर्यंत कूक, वेटर, भांडीवाला ठेवायला कोणता मालक तयार होईल? ३१ डिसेंबरला सरकार पहाटे पाचपर्यंत परवानगी देतंच की. एका रात्री चालतं, तर शनिवारी का नाही?

आणखी एक, कारण हे कुणी लिहिणार नाही. २००५ साली डान्सबार बंद झाले तेव्हा मी जिथे कामाला होतो तिथल्या मुली एका दिवसात घरी गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी चुकीची ठरवली, २०१६ ला सरकारने नवा कायदा आणला, २०१९ मध्ये न्यायालयाने त्यातल्याही बऱ्याच अटी काढून टाकल्या. तोवर चौदा वर्षं गेली. त्यातली एकही मला परत दिसली नाही. कोणती करमणूक चांगली आणि कोणती वाईट, हे ठरवणारे लोक वेगळे असतात आणि उपाशी राहणारे वेगळे. म्हणून 'दारूचं मागाहून बघू' वाचलं की मला भीती वाटते.

बाहेरचा जिना

वेळ आणि दारू यांवरच सगळे बोलताय. मला जिन्याबद्दल बोलायचंय.

२९ डिसेंबर २०१७. कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली, १४ माणसं गेली. त्यातली बरीच स्वच्छतागृहात आसऱ्याला शिरली होती, तिथेच गुदमरली. त्या वेळी साधारण साडेबारा वाजले होते, म्हणजे परवानगीच्या वेळेच्या आतच हे झालं. तेव्हा अकराला बंद करा की तीनला, या वादाने एकही जीव वाचत नाही. छत कशाचं होतं, बाहेर पडायची दुसरी वाट होती का, त्या वाटेवर खोकी रचली होती का, या प्रश्नांनी वाचतो.

राज्याचा आग प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे. आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. तो कागद फायलीत जातो. तो दारावर, मेनूकार्डाएवढ्या अक्षरांत लावायला लावा. आत शिरणाऱ्याला तारीख दिसू दे. चौथा मजला यांच्या गच्चीचा प्रश्नही इथेच येतो. गच्चीवर छप्पर घातलेलं असेल तर ते कुणाच्या परवानगीने आणि कशाचं, हे विचारलं की आवाजाचा आणि आगीचा, दोन्हींचा जाब एकाच ठिकाणी मागता येतो.

नाइट ड्युटी

मी परिचारिका आहे, शीवला राहते. महिन्यातले आठ-दहा दिवस रात्री घराबाहेर असते.

चौथा मजला काका, तुमच्या आईंच्या झोपेबद्दल दुमत नाही. पण अंधाऱ्या, बंद दुकानांच्या रस्त्यावरून एकटीने चालून बघितलं, तर 'लवकर बंद करा' इतक्या सहज म्हणवत नाही. पहाटे चारला दादरच्या फुलबाजारात उतरले तर मला काहीच वाटत नाही. पाट्या उतरत असतात, चहा उकळत असतो, बायका झेंडू निवडत बसलेल्या असतात. तिथून दोन गल्ल्या आत वळलं की पावलं आपोआप भराभर पडतात. मला उघडी दुकानं हवीत.

टेबल नंबर सात, तुम्ही टेबलावर झोपता. तुमच्याकडे भांड्यांना एखादी बाई असेल तर ती कुठे झोपते? बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि घराच्या दारापर्यंत गाडी हवी, असं त्याच २०१७ च्या कायद्यात आहे. कॉल सेंटरची गाडी सोडायला येते, हॉटेलची मी तरी पाहिली नाही. ज्याला ती गाडी परवडत नाही त्याने रात्री उघडूच नये, इतकं कडक माझं मत आहे.

आणि तिसरी पाळी दादा, राग मानू नका. तुमच्या गिरणगावच्या रात्रीत तुमची आई कुठे होती?

तिसरी घंटा

बॅकस्टेजला आहे, म्हणून नाटकापुरतंच लिहितो. रात्री उशिराचा प्रयोग लावा म्हणणं सोपं आहे. पडदा पडल्यावर सेट सोडवून टेम्पोत भरेपर्यंत दीड-दोन तास जातात. आमची निम्मी पोरं डोंबिवली आणि विरारची. प्रेक्षकही शेवटच्या गाडीच्या हिशेबाने घड्याळ बघतो, तिसऱ्या अंकात ती चुळबूळ विंगेत कळते. दुपारचे प्रयोग उगाच भरत नाहीत.

हनुमान थिएटर गेलं. परळचं दामोदर नाट्यगृह नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. गावोगावच्या जत्रांत दहाच्या ठोक्याला तमाशा थांबवावा लागतो, कारण तंबू बंदिस्त सभागृह ठरत नाही. तमाशाला लागणारं घड्याळ पबच्या गच्चीला का लागत नाही, या मुद्द्यावर मी चौथा मजला यांच्या बाजूचा. आधी आहेत ती नाट्यगृहं जगू द्या. रात्रीचं नंतर.

तिसरी पाळी

नाइट ड्युटी ताई, राग कसला? आई घरातच होती. आमच्याकडे सहा खाणावळकरी जेवायला होते, दोन पाळ्यांचे. वडील फडाला जायचे तेव्हा ती दुसऱ्या पाळीवाल्यांची ताटं वाढत असायची. मी लिहिलेल्या करमणुकीत ती कुठेच नव्हती आणि लिहिताना ते माझ्या डोक्यातही आलं नाही. गाडीची अट मान्य, बिनशर्त.

तिसरी घंटा यांचं 'नंतर' मात्र मान्य नाही. घड्याळ बघून उठणारा प्रेक्षक हाच तर माझा मुद्दा आहे. रेल्वे म्हणते, रात्री रुळांची देखभाल करावी लागते, आणि ती लागतेच. पण अनंत चतुर्दशीच्या रात्री आणि ३१ डिसेंबरला जादा लोकल सुटतातच ना? आठवड्यातून एक रात्र, शनिवारची, दर तासाला एक गाडी. ते नाहीच जमलं तर स्टेशनापासून स्टेशनापर्यंत बेस्टची बस. नाटकवाले, परिचारिका, स्टुअर्ड, सगळे त्याच गाडीत बसतील.

दारूबद्दल टेबल नंबर सात यांनी लिहिलं ते दोनदा वाचलं. चौदा वर्षांच्या त्या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही. तरी सुरुवात तिथून नको, यावर मी ठाम आहे.

टेबल नंबर सात

गाडी सुरू झाली तर पहिला पास मी काढीन. पण काकांना एक सांगतो. आमचा आवाज दीडला थांबतो. त्यानंतर रस्त्यावर जो गोंधळ होतो तो एकदम बाहेर पडलेल्या दोनशे माणसांचा असतो. सगळ्यांना एकाच वेळी टॅक्सी हवी, व्हॅले गाड्या आणतो, हॉर्न वाजतात. बंद व्हायची एकच ठरलेली वेळ नसती तर लोक थोडे थोडे निघाले असते.

चौथा मजला

थोडे थोडे निघाले तर मी थोडा थोडा जागा राहीन. गाडी सुरू करा, हॉटेलं उघडी ठेवा, ताईंच्या रस्त्यावर दिवे राहू द्या, माझी हरकत नाही. दारावर तो कागदही लावा. पण ठोका माझ्या भिंतीत येतोय तोवर दीडच्या पुढे एक मिनिटही नको.