आईला रंगमंचावर पाहताना प्रेक्षक म्हणून कसे बसावे?

मुलुंडकर:
नमस्कार. माझी आई एकसष्ट वर्षांची असून निवृत्त झाल्यानंतर ती आमच्या भागातील एका हौशी नाट्यसंस्थेत काम करू लागली. यंदा संस्थेने राज्य नाट्य स्पर्धेत दोन अंकी नाटक उतरवले आणि प्राथमिक फेरीचा प्रयोग गिरगावच्या साहित्य संघ मंदिरात झाला. जवळजवळ दोन महिने तालमी चालल्या. घरी पाठांतर घेण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे समोरच्या पात्राची वाक्ये मी वाचत असे आणि आई स्वयंपाकघरातून उत्तरे देत असे.

नाटकात ती एका करारी विधवेची भूमिका करते. दुसऱ्या अंकात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ती मुलाला घर सोडून जायला सांगते. तिने शर्टाची कॉलर हनुवटीखाली धरली, दोन्ही बाह्या मागे दुमडल्या, तळहाताने कापड सपाट केले, आणि मान वर न करता म्हणाली, "या घरात आता तुझी जागा नाही." माझे शर्ट ती गेली चाळीस वर्षे असेच घडी करत आली आहे. ते वाक्य मी घरी पन्नासदा ऐकले होते, तरी त्या क्षणी माझ्या पोटात खड्डा पडला आणि पुढची काही मिनिटे नाटकात काय चालले आहे हे मला उमगलेच नाही.

त्यानंतरच्या प्रवेशात ती एक वाक्य विसरली. मी दुसऱ्या रांगेत होतो आणि नकळत ते वाक्य पुटपुटलो. शेजारच्या गृहस्थांनी वळून पाहिले. आईची नजरही माझ्याकडे आली असावी असे मला वाटते. समोरच्या कलाकाराने प्रसंग सांभाळून घेतला आणि नाटक पुढे गेले.

प्रयोगानंतर मी रंगपटात गेलो तेव्हा ती खोबरेल तेलाने चेहरा पुसत होती. "कसं झालं?" असे तिने आरशातूनच विचारले. मी "छान झालं" म्हणालो. तिने मान डोलावली आणि पुन्हा चेहरा पुसू लागली. टॅक्सीत आम्ही दोघेही काही बोललो नाही. पुढील महिन्यात याच नाटकाचा प्रयोग मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात आहे. त्या वेळी मी कुठे बसावे, काय करू नये आणि नंतर तिला काय सांगावे, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

विंगेतला माणूस:
मी हौशी रंगभूमीवर सुमारे तीस वर्षे प्रॉम्प्टिंग केले आहे, म्हणजे विंगेत, रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला, उभे राहून कलाकारांना विसरलेली वाक्ये पुरवली आहेत, त्यामुळे आपल्या पुटपुटण्याबद्दल आधी लिहितो. वाक्य विसरल्यानंतरची शांतता कलाकाराला आणि संहिता पाठ असलेल्या घरच्या माणसाला फार मोठी वाटते. इतर प्रेक्षकांपुढे मात्र संहिता नसते. पात्र विचारात पडले आहे असेच त्यांना दिसते, आणि करारी विधवेच्या भूमिकेत तर असा पॉझ शोभूनही जातो. कलाकाराने भूमिका न सोडता जागेवर ठाम राहावे आणि सहकलाकाराने किंवा विंगेतल्या माणसाने त्याला धागा द्यावा, अशी यात रीत असते. प्रेक्षागृहातून आलेला शब्द मात्र, तो कितीही मायेने आलेला असला तरी, कलाकाराला त्या घरातून उचलून थेट तालमीच्या खोलीत आणून टाकतो. म्हणून ओठ मिटून बसावे. आपण केलेली चूक प्रेमापोटी झाली हे आपल्या आईंना नक्की कळले असेल.

बसण्याच्या जागेविषयी सांगायचे तर पहिल्या दोन-तीन रांगा टाळाव्यात. रंगमंचावर प्रकाश असताना कलाकाराला मागच्या अंधारातले काही दिसत नाही, परंतु पुढच्या रांगांतील चेहऱ्यांवर उजेड सांडलेला असतो आणि ओळखीचा चेहरा दिसला की नजर तिथेच अडकते. सातवी-आठवी रांग, शक्यतो मधली खुर्ची, ही चांगली जागा. तिथून नेपथ्याची पूर्ण चौकट दिसते आणि आवाज मागपर्यंत पोहोचतो की नाही हेही कळते. आपण कुठे बसणार हे आईंना आधी सांगू नये, नाहीतर त्या आपल्याला शोधतील.

टाळ्यांबाबतही सांभाळावे. घरची मंडळी एन्ट्रीलाच टाळ्या वाजवतात आणि त्या टाळ्यांत पात्राचे पहिले वाक्य बुडते. हशा येण्याआधीच आपण हसलो तर कलाकाराची वेळ चुकते. इतर प्रेक्षकांच्या मागोमाग दाद द्यावी. आणि तिसरी घंटा होण्यापूर्वी मोबाईल बंद करून ठेवावा. चित्रीकरण करण्याचा मोह आपल्याला होईल, पण अंधारात हातातला लहानसा पडदासुद्धा विंगेतून स्पष्ट दिसतो.

सुनंदा_पार्ले:
मी स्वतः स्पर्धेच्या नाटकांत कामे करते, म्हणून फक्त "छान झालं" याबद्दल लिहिते. प्रयोग संपल्यानंतर अर्धा तास तरी आमच्या डोक्यात चुकलेले वाक्य फिरत असते. त्या वेळी कोणी मोघम स्तुती केली की हा माणूस काहीतरी झाकतो आहे असेच वाटते. आपण आम्हाला कपड्यांच्या घडीबद्दल जे लिहिले आहे, तेच जसेच्या तसे आईला सांगा. प्रेक्षकाला नेमके काय दिसले हे समजण्यासाठी कलाकार तळमळत असतो. चुका सांगायच्या असतील तर त्या रात्री मुळीच सांगू नका. दुसऱ्या दिवशी, त्यांनी आपणहून विषय काढला तर सांगा, आणि तेही पुढच्या प्रयोगाआधी सुधारता येण्यासारखे असेल तेवढेच. स्पर्धेतील गुणांचा विषय आपण स्वतः काढू नये.

लालबागची लेक:
वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, परंतु कलाकाराला विसरून केवळ पात्र पाहावे असा जो सल्ला अशा वेळी दिला जातो, तो मला कधीच साधला नाही आणि तो साधावा असेही वाटत नाही.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, होते. दुसरी पाळी संपवून आलेली मंडळी चाळीतल्या भजनाच्या खोलीत तालीम करत आणि मग गणेशोत्सवात किंवा कामगारांच्या स्पर्धांत नाटक करत. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून गिरणगावाच्या मध्यभागी असल्यामुळे तिथे प्रयोग होणे हा आमच्या चाळीचा सणच असे. मी नऊ वर्षांची असताना वडिलांनी एका विधवेची जमीन हडपणाऱ्या मुनीमाची भूमिका केली होती. मी भर प्रयोगात "बाबा, नका ना असं करू" म्हणून रडले आणि आईने मला उचलून बाहेर नेले.

वडील मला रागावले नाहीत. पुढच्या प्रयोगाला त्यांनी दिग्दर्शकांची परवानगी घेऊन मला विंगेत एका ट्रंकेवर बसवले. तिथून मी पाहिले, की एन्ट्रीच्या आधी त्यांनी धोतराचा सोगा दोनदा सोडून पुन्हा धरला, त्यांची बोटे थरथरत होती, आणि पाऊल उजेडात पडताक्षणी ती स्थिर झाली. तेव्हापासून मुनीम आणि बाबा मला एकाच वेळी दिसू लागले, आणि भीती मात्र गेली. म्हणून आपणास सुचवावेसे वाटते, की संस्थेची हरकत नसेल तर रंगीत तालीम एकदा विंगेतून पाहावी. घडी घालणारे हात आपल्या आईचेच आहेत हे मान्य करूनही ते वाक्य दुसऱ्या कोणासाठी आहे हे तिथे कळते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला. वडिलांच्या चमूतील निम्मी माणसे गावी परतली. त्यानंतर ते रंगमंचावर उभे राहिले नाहीत. थरथरणाऱ्या बोटांची गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नाही. सांगेन सांगेन म्हणत राहिले आणि ते गेले.

मुलुंडकर:
सर्वांचे मनापासून आभार. लालबागच्या ताईंचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री आईजवळ शर्टाच्या घडीचा विषय काढला. तिने विचारले, "तुला ते दिसलं?" मग तिने सांगितले, की दिग्दर्शकांनी त्या प्रवेशात तिला भाजी निवडायला दिली होती, पण हात अवघडत होते, म्हणून घड्यांचे तिनेच सुचवले. हात ओळखीच्या कामात गुंतले की ते वाक्य रागाने न येता थंडपणे येते, असे तिचे म्हणणे आहे. साहित्य संघात विसरलेल्या वाक्याबद्दलही ती बोलली. पुटपुटणे तिला ऐकू आले नव्हते, माझा चेहरा मात्र दिसला होता. रंगीत तालीम पुढील रविवारी आहे आणि विंगेत उभे राहण्यासाठी तिने संस्थेकडे माझ्याकरिता विचारून ठेवले आहे. प्रयोगाचे तिकीट मी आठव्या रांगेतले काढले आहे. ते तिला सांगितलेले नाही.