सिकलसेलच्या तपासणीसोबत जनुकीय अभ्यासालाही रक्त द्यावं का?

वैनगंगाकाठ:
१ जुलै २०२३ला सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराची, राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत आजार हटवणं, हे उद्दिष्ट. माझं मत असं, की गडचिरोली-चंद्रपूरकडे ज्यांची तयारी असेल त्यांच्याकडून याच वेळी जनुकीय अभ्यासासाठीही नमुना घ्यावा.

सिकलसेल तर एका जनुकातल्या एका बदलानं होतो, मग अजून कशाचा अभ्यास? एकाच घरातले दोन एसएस भाऊ पहा, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सिकलचं जनुक आलेले. एक शेतात राबतो, दुसरा हातपाय दुखून सारखा भरती होतो. या फरकामागे इतर जनुकं असतात, खाणंपिणं आणि संसर्गही असतात. त्यातली जनुकं शोधायची रीत अशी: खूप माणसांच्या जीनोममधली, म्हणजे सगळ्या जनुकीय माहितीतली, लाखो ठिकाणं तपासायची आणि कोणत्या ठिकाणचा बदल त्रासाच्या कमीजास्त होण्यासोबत जातो ते मोजायचं. २००७-०८मध्ये युरोपात अशाच अभ्यासांतून बीसीएल११ए हे जनुक हाती लागलं. गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर दाबून ठेवायचं काम ते करतं. त्याचा जोर कमी केला की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि सिकलचा त्रास कमी होतो. त्यावर उभ्या राहिलेल्या उपचाराला २०२३च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मंजुरी मिळाली. आपल्या माणसांच्या रक्तात काय दडलंय, ते कोणी पाहायचं?

धानोऱ्याची लेक:
त्या उपचाराची अमेरिकेतली किंमतही लिहा ना जी. २२ लाख डॉलर. माझा भाऊ एसएस आहे. त्याच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या जवळच्या दवाखान्यात कधी असतात, कधी नसतात. नसल्या की बसनं जिल्ह्याला जायचं, त्या दिवसाची मजुरी बुडवायची. गर्भातलं हिमोग्लोबिन ही गोळीही वाढवते. ती मिळायला कोणाचा जीनोम वाचावा लागत नाही.

दुसरं संमतीचं. अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींनी १९९०च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. ते त्यांना न विचारता स्किझोफ्रेनियाच्या आणि पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासालाही वापरलं. ते कोर्टात गेले. २०१०मध्ये तडजोड झाली, अभ्यास करणाऱ्या विद्यापीठानं ७ लाख डॉलर दिले आणि नमुने परत केले. आमच्या आजीला माडियाशिवाय दुसरी भाषा येत नाही. मराठी कागदावर तिचा अंगठा घ्याल आणि त्याला संमती म्हणाल, तर मी आडवी येईन.

आकडेमोड:
अमरावतीत संख्याशास्त्र शिकवतो. ताईंच्या संमतीच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो मान्यच. पण पद्धतीबद्दल बोलायलाच हवं.

१० लाख चाचण्या केल्या आणि प्रत्येकीला चुकायची नेहमीची ५ टक्क्यांची सूट दिली, तर ५० हजार ‘संबंध’ निव्वळ योगायोगानं सापडतील. म्हणून इथे दोन कोटींत एक इतकी कडक मर्यादा धरतात. एकेका बदलाचा परिणाम बहुधा लहान, त्यामुळे ती ओलांडायला माणसं फार लागतात. ब्रिटनमधल्या २००७च्या एका गाजलेल्या अभ्यासात ७ आजारांचे १४,००० रुग्ण होते. दोन तालुक्यांतल्या शिबिरांवर हे भागत नाही.

त्याहून मोठा घोळ नमुना कुठून घेतला यात होतो. समजा, मधुमेहाचे रुग्ण नागपूरच्या दवाखान्यांतून घेतले आणि निरोगी माणसं भामरागड-एटापल्लीतून. एकीकडे कुणबी-तेली जास्त, दुसरीकडे माडिया-गोंड. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लग्नं समाजातल्या समाजातच, त्यामुळे या गटांत शेकडो बदलांचं प्रमाण मुळातच वेगळं. साखरेशी काडीचा संबंध नसलेला बदलही ‘मधुमेहाचा’ म्हणून वर येईल. वंशातला फरक गणितानं वजा करायच्या रीती आहेत, पण सगळे रुग्ण एका समाजाचे आणि सगळे निरोगी दुसऱ्या समाजाचे असले, तर फरक आजाराचा की समाजाचा, हा गुंता कोणतंच गणित सोडवू शकत नाही. रुग्ण आणि निरोगी एकाच समाजातले, एकाच गावचे घ्या. हे आधी ठरत असेल तर मी बाजूनं.

पांढरं सोनं:
मले नाही पटलं. आमच्या बाबाले शुगर हाये, अन् अंगानं पाहाल तं काडी. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनं दाखवलं, का आपला मानूस बारीक दिसला तरी अंगात चरबी जास्त राह्यते, अन् हे आईच्या पोटातूनच सुरू होते. मंग यवतमाळच्या बाया कापूस येचतात तवा त्यायच्या पोटात काय जाते, ते आधी पाहा. जनुकातल्या बदलांची बेरीज करून कोनाले आजार होईन याच्या जोखमीचा आकडा काढतात म्हने, पन २०१९च्या मोजनीत अशा अभ्यासातले ७९ टक्के लोकं युरोपी वंशाचे होते. तो आकडा आमच्या बाबाले काहून लावता?

वैनगंगाकाठ:
भाऊ, तो आकडा बाबांना लागू पडत नाही, म्हणून तर मी नमुने मागतोय. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पानं देशातल्या १०,००० जणांचे जीनोम वाचून जानेवारी २०२५मध्ये ती माहिती संशोधकांना खुली केली. पाया झाला. पण एसएसमधला त्रास कमीजास्त का, हे कळायला एसएस रुग्णच लागतील, आणि ते आपल्याकडे आहेत. आईच्या आहाराचं तुमचं म्हणणं खरंच आहे. पण दोन्ही कामं सोबत का होऊ नयेत?

धानोऱ्याची लेक:
सोबत होत नाहीत, भाऊ. नमुना एका दिवसात जातो, गोळी वर्षभर येत नाही. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखानं २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. जंगलाचा निर्णय ग्रामसभा घेते, तसं आधी ग्रामसभेत या. रक्त कुठं ठेवणार, कशाला वापरणार, परत मागितलं तर देणार का, हे गोंडी-माडियात सांगा. त्यानंतरही ज्याला नको त्याला सोडा. तोवर माझ्या भावाचा नमुना मिळणार नाही.

आकडेमोड:
ताई, तुमच्या गोळीचा प्रश्न अभ्यासाच्याही मुळाशी आहे. ज्याला गोळी नियमित मिळते त्याचं गर्भातलं हिमोग्लोबिन गोळीनंच वाढलेलं असतं. कोणाला कोणत्या महिन्यात गोळी मिळाली आणि कोणत्या महिन्यात नाही, याची नोंद नसेल, तर गोळीचं श्रेय आम्ही एखाद्या जनुकाला देऊन मोकळे होऊ. तेव्हा वैनगंगाकाठ, नमुन्याच्या आधी प्रत्येक उपकेंद्रातलं गोळ्यांचं रजिस्टर मागा.