मदत हवी आहे: ताजुद्दीन बाबांच्या घरोघरच्या आठवणी

नमस्कार मंडळी. नागपूरचे सूफी संत ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) यांच्यावर मराठीत लिहिते आहे. कामठीचा जन्म, पागलखान्यातली वर्षं, १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी शक्करदऱ्याच्या वाड्यात नेलं, मग सावनेरजवळच्या वाकीचा मुक्काम, हे सगळं मिळतं. पण सावनेरकडच्या मराठी शेतकऱ्यांपर्यंत ही सूफी वाट पोचली कशी? त्यांना उर्दू कुठं येत होती! मला हेच फार महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या आजी-आजोबांनी सांगितलेलं काही आठवतं का? बाबांवरचं मराठी भजन, जुनं पत्र? चमत्कार पुष्कळ ऐकले. बाबा लोकांशी बोलत कसे, ते हवंय. ताजबागला, म्हणजे नागपुरातल्या बाबांच्या दर्ग्यावर, उर्साला वर्षानुवर्षं येणाऱ्या एखाद्या वयस्कर माणसाशी गाठ घालून द्याल का? तिथं उमरेड रोडला कधीही येऊ शकते.