संध्याकाळचं दूरदर्शन: जे लागेल ते बघायचं

परवा भाचीला सांगत होते, आमच्या लहानपणी टीव्हीवर एकच चॅनल होतं आणि तेही मुख्यतः संध्याकाळी. ती म्हणाली, "मावशी, मग आवडलं नाही तर काय करायचात?" काय करणार? बघत बसायचो!

2 ऑक्टोबर 1972ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. एकाच पडद्यावर शेतकऱ्यांचं 'आमची माती आमची माणसं', गिरणीवाल्यांचं 'कामगार विश्व', पोरांचं 'किलबिल', 'गजरा'तल्या नाटुकल्या, आणि मध्येच कुणीतरी वीणा घेऊन बसलेलं. आवडीचं सगळेच लिहितात. मला हवंय ते नावडीचं. नाइलाजाने बघितलं, पण अजून डोक्यातून गेलेलं नाही, असं काही असेल तर या धाग्यात खाली आपापल्या टोपणनावाने लिहा. अँटेना फिरवण्याचे किस्से नकोत, ते सगळ्यांकडे आहेत.

तिसरा मजला
आमच्या चाळीत एकच टीव्ही, शटरचा. मालक काका कडक. चपला बाहेर, पाय धुऊन आत, आणि एकदा बसलं की उठायचं नाही. उठलास की जागा गेली. आम्हा पोरांना हवं असायचं गुरुवारचं सिनेमाच्या गाण्यांचं 'छायागीत'. त्यासाठी आधीपासून जागा धरायची, म्हणजे त्याच्या आधी जे काही असेल ते गिळायचं.

त्यात 'प्रतिभा आणि प्रतिमा'ही यायचं. दोन माणसं खुर्च्यांवर बसून बोलतायत, बोलतायत. ना गाणं, ना मारामारी. एक लेखक होते, प्रत्येक उत्तराआधी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे. आम्ही पोरं मोजायचो किती वेळा. पुढे कॉलेजच्या लायब्ररीत एका पुस्तकाच्या मागे फोटो दिसला आणि मी मोठ्याने म्हटलं, "अरे, चष्मा!" ते पुस्तक घरी आणलं. मग त्यांची बाकीचीही आणली.

चार कुंड्या
पुण्यात सिंहगडावरून प्रक्षेपण यायचं, म्हणून गावातल्या झाडून सगळ्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून. (हा अँटेनाचा किस्सा नाही, भूगोल आहे.)

आमची सदाशिव पेठेतली शेती म्हणजे गॅलरीतल्या चार कुंड्या. तरी आजोबा 'आमची माती आमची माणसं' वही घेऊन बघायचे. उसाची लागण, द्राक्षावरचा करपा, गाभण गाईचा आहार, सगळं तारखेसह टिपलेलं. आम्ही हसायचो. एकदा बारामतीकडचे चुलतकाका आले, तर आजोबांनी त्यांना ठिबक सिंचनावर तासभर ऐकवलं. काका खरे शेतकरी. मान डोलावत ऐकून घेतलं आणि निघताना आईला म्हणाले, "वहिनी, तात्यांना जरा शेतावर पाठवा, पाणी धरायला माणूस मिळत नाही." वही अजून माझ्याकडे आहे. कुंडीतल्या तुळशीला मात्र कीड लागली ती लागलीच.

गोदाकाठ
तुम्ही मुंबई-पुणेवाले नशीबवान. आमच्या मराठवाड्यातल्या गावात 'गजरा' हे नाव मी मे महिन्याच्या सुट्टीत दादरच्या मावसभावाकडून ऐकलं. 1984च्या सुमारास देशभर धडाधड लहान ट्रान्समीटर उभे राहिले, तेव्हा आमच्याकडे टीव्ही आला, पण त्यावर दिसायची दिल्ली. मराठी औषधालाही नाही.

पण त्या दिल्लीमुळेच रात्री उशिरा नृत्याचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. घरात बाकी सगळे झोपलेले. आजीला झोप येत नसे आणि तिला सोबत म्हणून मी. पहिल्यांदा कथकली बघितलं तेव्हा आजी घाबरीच झाली. "ह्यो एवढा कामून चिडलाय?" नंतर तिने आपल्या गोष्टी लावायला सुरुवात केली. हा भीम, ही द्रौपदी, हा मेला दुःशासन. भाषा कळत नव्हती, पण आमच्याकडच्या आखाडीत, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या खेळात, दशावतार बघत वाढलेली बाई ती, मुखवट्याचं तिला नवल नव्हतं. ओडिसी मात्र तिला कधी आवडलं नाही. म्हणे, "लई मऊ हाय."

उलट सूर
थोडं मीठ टाकतो. आपण बघत होतो कारण दुसरं काही नव्हतं. वीणा लागली की माझी बहीण केसांना तेल लावून घ्यायची, तिला आजही वीणा आणि सतार यांतला फरक सांगता येत नाही. एक चॅनल म्हणजे अख्ख्या गावाला एकच रिमोट, आणि तो आपल्या हातात नाही. त्याची संस्कार म्हणून आरती ओवाळू नये.

एवढं सोडून बोलायचं तर 'चिमणराव' ही मालिका. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. वडिलांनी ते इतकं मनावर घेतलं, की पुढे बाळ कर्वे कुठल्याही भूमिकेत दिसले तरी ते विचारायचे, "हा गुंड्याभाऊ इथे काय करतोय?" पण हे आवडीचं झालं. धाग्याच्या नियमात बसत नाही.

तिसरा मजला
@उलट सूर, बहिणीला सांगा, वीणेच्या वेळी आमच्याकडेही वेण्या घातल्या जायच्या. काकू तेलाची बाटली घेऊनच बसायच्या.

दुसऱ्या रांगेतला
मी पडद्याच्या पलीकडचा. चौथीत असताना शाळेतून आम्हा पंधरा मुलांना 'किलबिल'साठी वरळीला नेलं होतं. बाईंनी बजावलेलं, पांढरा शर्ट नको, कृष्णधवल कॅमेऱ्यात तो भगभगतो. म्हणून आईने शेजारून चौकड्याचा मागून आणला, दोन मापं मोठा. स्टुडिओत दिव्यांखाली कपाळ तापलेलं आणि एसीने पाय गार. समूहगीत होतं. उंच मुलं मागे, ठेंगणी पुढे, आणि मी मधल्या रांगेत एका जाड्या मुलाच्या मागे.

लागलं त्या संध्याकाळी आमच्या घरी टीव्ही नव्हता, आई शेजारी गेली. मी लाजून जिन्यात बसलो. ती परत आली तेव्हा विचारलं, "दिसलो?" म्हणाली, "दिसलास की. कोपर दिसलं. शर्टावरून ओळखलं."

चार कुंड्या
कुठलं कोपर?

दुसऱ्या रांगेतला
डावं. तिने गल्लीत सगळ्यांना डावंच सांगितलं.