लहान मुलांना आधुनिक कलेच्या संग्रहालयात न्यावं का?

काटकोन: रविवारी सहकुटुंब गेलो होतो. मुलगी नऊची, मुलगा पाचचा. चाळीस मिनिटांत बाहेर, त्यातली दहा स्वच्छतागृहात. धाकटा एका शिल्पाभोवतीची पांढरी रेघ ओलांडून तीनदा आत घुसला. तिसऱ्यांदा पहारेकऱ्याने त्याला काही न बोलता फक्त माझ्याकडे बघितलं. मोठी एका पांढऱ्याफटक कॅनव्हाससमोर थांबून म्हणाली, "बाबा, हे काढायचं राहिलंय का?" मला उत्तर सुचेना. मालेविचचं 'काळा चौकोन' हे चित्र १९१५चं, द्युशाँने कलाकृती म्हणून मांडलेली मुतारी १९१७ची. शंभर वर्षं होऊन गेली तरी आपल्याला जे पचलेलं नाही, ते पोरांच्या गळी कशाला उतरवायचं? बारा वर्षांपर्यंत नकोच, असं माझं स्पष्ट मत झालंय.

निवांत: अहो, इतका झकास प्रश्न विचारला पोरीने आणि तुम्ही ओशाळलात! "तुला काय राहिलंसं वाटतं?" एवढंच विचारायचं. १९६१ साली न्यूयॉर्कच्या 'मोमा' या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मातीसचं 'ल बातो' हे चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. कागद कापून केलेली शिडाची होडी आणि खाली तिचं पाण्यातलं प्रतिबिंब. जाणकार येऊन बघून गेले असतील, चूक पकडली ती एका प्रेक्षक बाईंनी. आमची दोघं पुस्तकात ते चित्र वाकून स्वतःच्या पायांमधून बघतात आणि कुठलं सुलट यावर भांडतात. न कळण्याची लाज मोठ्यांना, मुलांना कुठली?

तिसरी घंटा: चित्रांच्या बाजूने कोणीच बोलत नाहीये. २००६ साली डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात एका मुलाने हेलन फ्रँकेंथेलरच्या 'द बे' या चित्रावर च्युइंगगम चिकटवलं. मुलाचं वय १२! काटकोन, तुमची अट तिथेच गळाली. २०२५ला रॉटरडॅममध्ये एका लहानग्यामुळे रोथकोच्या चित्राला ओरखडे आले, तेही खालच्या भागात, जिथे पोराचा हात सहज पोचतो. रंगावर वार्निश नव्हतं. असल्या चित्राला नुसतं बोट लागलं तरी भोवतं. निवांत, तुमचं पुस्तकच बरं.

निवांत: पुस्तकात ढीग कमी होताना दिसत नाही. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या कलावंताने १९९१मध्ये रंगीत कागदातल्या गोळ्यांचा ढीग मांडला, आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. येणाऱ्याने गोळी उचलायची मुभा. हे त्याच्या जोडीदाराचं 'व्यक्तिचित्र', तो एड्सने गेला. आम्ही पाहिलं तेव्हा आमच्या आठ वर्षांच्या लेकीने मूठभर उचलल्या होत्या.

तिसरी घंटा: आणि हे सगळं सांगितलंत तिला? एड्स वगैरे?

निवांत: "कोणाचा ढीग?" म्हणून तिने विचारलं, म्हणून सांगितलं. "आजारी पडून तो बारीक होत गेला" इतकंच. तिने एक ठेवून बाकीच्या परत टाकल्या. ती एक अजून खाल्लेली नाही.

तिसरी घंटा: हे मला जड वाटतं. आठव्या वर्षी गोळी ही गोळीच असू द्यावी.

काटकोन: च्युइंगगमचा मुद्दा मान्य, बाराची अट मागे. मोठीला एकटीला घेऊन पुन्हा जाईन, त्या पांढऱ्या कॅनव्हासपाशीच. धाकटा घरी. "मी पण" म्हणून भोकाड पसरेल, त्यावर कोणाकडे उपाय असेल तर सांगा.